भांड्याचा तळ

मावशी नाकावर माशी बसू द्यायची नाही, मग गाडीवर कुठून बसू देणार? इस्पितळाच्या फाटकासमोर अंडी-पाव विकणारी ही बाई. गिऱ्हाईक हात न धुता पुढे आलं की चिमटा उगारायची. "नळ तिकडे आहे, राजे! आधी पंजे धुवा, मग पोटाचं बघू." लोक हसत हसत धुऊन यायचे. नखं कापलेली, केस फडक्यात बांधलेले, फळी सारखी पुसलेली. नाव ठेवायची कुणाची बिशाद होती!

गर्दी व्हायची ती मात्र पांढऱ्या सॉससाठी. कच्ची अंडी, तेल, लसूण, लिंबू घालून मावशी तो रोज सकाळी घोटायची. सासूने मरताना एकच गोष्ट बजावली होती: भांड्याचा तळ दिसू द्यायचा नाही. संध्याकाळी पळीभर जुना सॉस आत राखायचा, सकाळी त्यातच नवा घोटायचा. चव म्हणे त्यातच. त्यामुळे भांडं बाहेरून लखलखीत, आणि आतून कित्येक वर्षांत कुणी घासलेलं नाही. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूचा शब्द होता ना!

उन्हाळा चढला आणि फाटकावरचा पहारेकरी दिसेनासा झाला. मग कोपऱ्यावरचा न्हावी आडवा झाला. जुलाब, ओकाऱ्या, अंगात फणफणून ताप.

"बर्फ कुठला आणतोस रे मेल्या?" मावशी शेजारच्या सरबतवाल्यावर कडाडली. "माणसं मारशील एखाद दिवस!"

तो बिचारा गाडी गुंडाळून गेला. तरी माणसं पडतच राहिली.

घरी सून आठव्या महिन्यात. अन्न बघून तोंड फिरवायची, पण पावाला सॉस लावला की मिटक्या मारत खायची. मावशीला कोण आनंद! रोज वाटीभर घरी न्यायची. एका सकाळी सुनेला उभं राहवेना. अंग भाजत होतं. तिला उचलून इस्पितळात आणलं. मुलगा वॉर्डाबाहेर नुसत्या येरझारा घालायला लागला, तसं मावशीनेच त्याला पिटाळलं. "इथे माझ्या डोक्यावर नाचू नकोस. मी आहे तिच्यापाशी. जा, गाडी लाव."

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळाचे ठोके मंदावलेत. बाहेरचं काही खाल्लं होतं का हिने?"

"छे हो! सगळं माझ्या हातचं."

"कच्च्या अंड्याचं काही? शिळं, उन्हात राहिलेलं? त्यात जंतू वाढतात. त्यातलं थोडं ताज्यात पडलं, की तेही नासतं."

मावशीला भांड्यात राखलेला पळीभर जुना सॉस आठवला. पहारेकरी आठवला, न्हावी आठवला, सरबतवाल्याचं पडलेलं तोंड आठवलं. देवा रे, हे काय करून बसले मी! ती जिना उतरून धावत सुटली.

फाटकासमोर कट्ट्यावर, पायऱ्यांवर, झाडाखाली माणसं खात बसली होती. सगळ्यांचे हात ओले, स्वच्छ. सुनेजवळची नर्सही त्यांच्यात होती, शेवटचा घास तोंडात टाकून बोटं चाटत होती.

मुलगा आईला बघून घाम पुसत हसला. "कशी आहे गं ती? इथली काळजी करू नकोस, आई. सगळ्यांना हात धुवायला लावले. सगळं संपलं, पण पळीभर राखलंय. तळ दिसू दिला नाही."