ताईचे शेअर

आमच्या बाबांना शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. साताऱ्याकडून नोकरीसाठी देवासला आले, कारखान्यात लागले, आणि कारखान्यानं कामगारांना शेअर देऊ केले तेव्हा ताईच्या लग्नाला होतील म्हणून घेऊन ठेवले. ताई माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. धारला मूकबधिर मुलींच्या वसतिगृहात राहून ती शिकायची. सुट्टी संपली की बाबा तिला बसनं सोडून यायचे. त्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकायचा अवकाश, आई विचारायची, "पोचली नीट?" जणू बाबा तिला वाटेत कुठे विसरूनच येणार होते.

दहावीच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. बाबा रडले नाहीत. तेरावं उरकून गुमान ड्यूटीवर गेले.

शेअर राहिले. राहिले कसले, वाढत गेले. बोनस मिळाला, भाव चढला. मला त्या वाढण्याचा फार राग यायचा. वाढायचं होतं ते तिनं. घर बांधताना, माझ्या लग्नात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी ओढाताण झाली, तरी बाबांनी त्यांना हात लावला नाही. विकायचा विषय काढला की ताटावरून उठायचे.

मागच्या वर्षी आईच म्हणाली, "आपल्यामागे कोण सांभाळणार ते? धारच्या वसतिगृहाला देऊन टाकू." पण विकून पैसे द्यायला बाबा तयार होईनात. मी चौकशी केली. शेअर न विकता तसेच संस्थेच्या खात्यात टाकता येतात. आपण विकले तर वाढलेल्या किमतीवर कर भरावा लागतो, तसेच दान केले तर तो लागत नाही. पुढे विकायचे तर संस्था विकते. कराचं बाबांनी ऐकलंसुद्धा नाही. "म्हणजे मी विकायचे नाहीत ना?" एवढंच विचारलं.

शेअर दुसऱ्याच्या खात्यात टाकायची स्लिप ब्रोकरकडून आणली. बाबांनी देवापुढे पाट मांडले, धारहून आलेल्या वसतिगृहाच्या बाईंना समोर बसवलं. शुभकार्य म्हणून ठेवणीतल्या शाईच्या पेनानं सही केली आणि स्लिप तबकात ठेवून वर तुळशीचं पान ठेवलं. मग आईला उजवीकडे बसवून तिच्या हातात झारी दिली. माझ्या लग्नात दोघं असेच बसले होते. हे कन्यादान चाललंय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एरवी मी बाबांच्या सोवळ्याओवळ्याची थट्टा करते. त्या दिवशी मीच पुढे होऊन निरांजन लावलं.

आईनं झारीतून पाणी सोडलं. बाबांच्या ओंजळीतून पाणी थेट सहीवर सांडलं.

स्लिप वाळवून आम्ही ब्रोकरच्या ऑफिसात नेली. काउंटरवरच्या बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "काकाजी, साइन तो पूरी फैल गई. दूसरी स्लिप भरनी पड़ेगी."

बाबा काउंटरला धरून उभे राहिले. "आली बघ परत," ते मला म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. काय झालं ते त्या बाईंना कळेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर बाबांनी तो घाईघाईनं नव्या स्लिपपासून लांब सरकवला. कोरडे हात पुन्हा पँटला पुसले आणि काउंटरवरच्याच बॉलपेननं सही केली.

शेअर खात्यातून गेल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. थोड्या वेळानं वसतिगृहाच्या बाईंचाही फोन आला, मिळाले म्हणून. बाबांनी चष्मा लावून मेसेज वाचला, मोबाइल ताटाशेजारी उपडा ठेवला.

आई पोळ्या घेऊन आत आली. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पोचली नीट?"

"पोचली," बाबा म्हणाले, आणि भरल्या ताटावर ओक्साबोक्शी रडायला लागले.