वसंतकाकांच्या पेन्सिलीच्या खुणा

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, फ्रिस्कोच्या किराणा दुकानात भेंडी निवडत होतो. पिशवी तिथेच ठेवून बाहेर आलो. मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, याची आजही लाज वाटते. त्यांना सांगायचे राहूनच गेले, एवढेच मनात आले...

काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. सून नॉर्वेची, म्हणून सत्तरीत नॉर्वेजियन शिकले. इतके, की विहिणीशी फोनवर वाद घालू लागले. आमची कंपनी यंत्राला ती भाषा मोठ्याने वाचायला शिकवत होती, तेव्हा मी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. त्या भाषेत दोन शब्द जोडून एक शब्द होतो. तो नेमका सांध्यावर तोडायचा, पहिल्या भागावर पूर्ण जोर द्यायचा, दुसऱ्यावर थोडा कमी. काका प्रत्येक शब्द टेबलावर बोटांनी वाजवून पाहत आणि मगच यादीत त्याच्या सांध्यावर पेन्सिलीने खूण करत. 'विंटेर' म्हणजे हिवाळा, 'एप्ले' म्हणजे सफरचंद; दोन्ही मिळून 'विंटेर-एप्ले'. माझा प्रोग्रॅम त्याचे 'विंटे-रेप्ले' करी. "अरे, हिवाळ्याचं शेपूट सफरचंदाला चिकटवलंस की," काका म्हणत, आणि शिक्षा म्हणून तो शब्द मला दहा वेळा वाजवायला लावत. ऑफिसात आम्हाला भजनी मंडळ म्हणत.

डेमोच्या आधी, घाईपोटी, मी त्यांची यादी बाजूला ठेवून प्रोग्रॅमवर विसंबलो. व्हिडिओ कॉलवर यंत्राचे उच्चार ऐकून नॉर्वेचे ग्राहक हसू लागले, तेव्हा मी बोलून गेलो, की खुणा आमच्या सल्लागारांच्या आहेत. काका शेजारीच बसले होते. परतताना गाडीत त्यांनी यंत्राची अशी नक्कल केली, की आम्ही दोघेही हसलो. माझे हसणे मात्र खरे नव्हते. पुढे वर्षभर दर रविवारी त्यांच्याकडे चहा प्यायलो, पण क्षमा मागितली नाही.

तेराव्यानंतर काकूंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं रे. पण मला सांगून काय होणार? ज्यांच्यापुढे बोललास, त्यांना सांग. इथूनच लाव कॉल."

काकांची मूळ यादी मी ग्राहकांना आधीच पाठवली. मग एका सकाळी काकांच्या खोलीतून कॉल लावून सांगितले, की चूक माझी होती, काकांची नव्हती. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी विचारले, इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या या गृहस्थांशी बोलता येईल का?

मी लॅपटॉप वळवला. रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा स्वेटर. दारात उभ्या असलेल्या काकू पुढे आल्या, आणि ते इथेच बसत असत, हे त्यांनी बाईंना चक्क नॉर्वेजियनमध्ये सांगितले.