ब्रेकचा लाल दिवा

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई चपला काढून अनवाणी गाडी चालवायच्या. कुणी अडचण सांगितली की म्हणायच्या, "एवढंच ना?" आमचे हे त्यांच्या ड्रायव्हिंगचं कौतुक करायचे आणि मी जळायचे.

आम्ही जुनी गाडी घेतली. आठवड्यातच मी ती गंगापूर रोडवरून चालवत घरी आणली, तर ब्रेकचा लाल दिवा विझेना.

"काय करून ठेवलंस?" हे ओरडले.

बाई खाली आल्या, गाडीत बसल्या. हँडब्रेक जरासा ओढलेलाच राहिला होता. त्यांनी तो हळूच खाली केला. ते फक्त मला दिसलं. दिवा विझला.

"वायर सैल होती. हिची काही चूक नाही," त्या यांना म्हणाल्या.

त्या दिवशी मला त्यांचा सगळ्यात जास्त हेवा वाटला. त्यांच्या जागी मी असते, तर तो हँडब्रेक सगळ्यांना दाखवला असता.