मैदानातला कोयता

मी मूळचा कबड्डीचा माणूस. फुटबॉल माझ्या गळ्यात पडला तो हेडमास्तरांमुळे. कुठल्याशा योजनेतून शाळेला सहा चेंडू आले, ते कपाटात सडू नयेत म्हणून आष्टी तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलमध्ये मुलींचा संघ उभा राहिला. मैदान मुरमाचं. गोलपोस्ट म्हणजे जुन्या लोखंडी पाइपांची चौकट, तीही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन दप्तरं.

पहिल्या वर्षी पोरी चेंडूमागे घोळक्याने पळायच्या आणि मी शिट्टी फुंकून दमायचो. मग मोबाइलवर कुठल्या कुठल्या शाळांचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट ध्यानात आली. तिथले मास्तर पोरांना नुसतं पळवत नाहीत, सामन्यातला एखादा प्रसंग उभा करतात. तुम्ही एक गोलने मागे आहात, दहा मिनिटं उरलीत, तुमची एक खेळाडू बाहेर गेलीय, आता खेळा. मला हे फार पटलं. दोनशे पानी वही आणली आणि रोज दुसऱ्या दिवशीचे प्रसंग लिहायला लागलो. बायको म्हणाली, घरच्या लेकरांच्या अभ्यासाची एवढी आखणी केली असती तर बरं झालं असतं. तिचं खरंच होतं.

एका प्रसंगावर मात्र गाडी अडायची. समोरची पोर चेंडू घेऊन आली की आमच्या मागच्या दोघी एकदमच तिच्यावर धावायच्या आणि चेंडू दोघींच्या मधून निघून जायचा. एकीने चेंडूवर जायचं, दुसरीने मागे राहून सुटलेला चेंडू घ्यायचा. मी फळ्यावर काढलं, खडे मांडून दाखवलं, घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी वैतागून म्हणालो, "अगं, कोयता कसा चालतो ते बघितलंय ना?"

आमच्याकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकापर्यंत जातात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मागून गोळा करून मोळी बांधते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही. ज्याचं लग्न व्हायचंय त्याची अशी अडचण होते.

पोरींना एका मिनिटात समजलं. पुढे जाणारी ओरडायची "तोड", मागची ओरडायची "मोळी". एकटीच उरली तर "अर्धा", म्हणजे अंगावर जायचं नाही, मागे सरकत वेळ काढायचा. कुठल्या पुस्तकात न सापडणारी भाषा मला सापडली, असं मी स्टाफरूममध्ये चारचारदा सांगितलं. फार शेफारलो होतो मी.

त्या जोडीत तोडायला जाणारी पोर दहावीतली. हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. आईबाप तोडीला जायचे, ही आजीजवळ राहून शिकायची. तिच्या जिवावर आम्ही तालुक्याचा सामना जिंकला. जिल्ह्याचा सामना दसऱ्यानंतर बीडला होता. तेवढ्यात तिचा बाप शाळेत आला आणि म्हणाला, "सर, यंदा पोरीला संगं न्यायचीय. म्हातारीच्यानं आता होत न्हाई."

म्हणजे सामना गेला आणि दहावीही गेली. मी हात जोडले, तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहाचं सुचवलं, बोर्डाच्या परीक्षेचं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. "खेळून काय होतंय सर?" त्याने विचारलं. भांडायच्या सुरात नाही, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, एकदा येऊन बघा, मग ठरवा.

तिला ठेवून घ्यायची तेवढीच एक वाट मला दिसत होती. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांसमोर प्रॅक्टिस ठेवली आणि वहीत सगळे प्रसंग तिच्याभोवती रचले. पहिला, समोरून तिघी, आपल्या दोघी, पाच मिनिटं आघाडी टिकवायची. दुसरा, जोडीदार पडलीय, ही एकटी. तिसरा, सलग वीस मिनिटं न थांबता. हा तिसरा खास तिचा दम दिसावा म्हणून घातला.

दहा-बारा पालक आले. तिच्या बापाने सोबत टोळीचा मुकादम आणला होता. मला आनंद झाला, मुकादमाचा शब्द बाप मोडणार नाही हे ठाऊक होतं. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "तोड", "मोळी" ऐकून तो हसायला लागला. "हे तर आपलंच काम हाय की," म्हणाला. मग डोळे बारीक करून त्याने विचारलं, "ती उंच पोरगी कुणाची?"

मी सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, वीस मिनिटं झाली, धाप लागलीय का बघा. कधी आजारी पडत नाही. काहीही एकदाच सांगावं लागतं. मुकादम मान हलवत राहिला. जाताना बाप म्हणाला, "बघू सर, तुमच्या मनासारखं झालं तर." मी तो होकारच समजलो.

बुधवारी ती मैदानावर आली नाही. तिची जोडीदार म्हणाली, "सर, तिचं जमलं. मुकादमाचा पुतण्या हाय. लगीन रविवारी."

मी तिच्या घरी गेलो. आईने माझ्या हातावर साखर ठेवली. "तुमच्यामुळं जमलं सर. पावन्यांनी मैदानातच बघितली तिला. पोरगं गेल्या साली अर्धा कोयता म्हणून घरीच बसलतं. आता दोघं बी कामाला लागतेल." साखर तोंडात टाकावी लागली. पोर दारात उभी होती. रडत नव्हती. तिने विचारलं, "सर, माझ्या जागी कुणाला घेताय?" मी म्हणालो, अजून ठरवलं नाही. "नववीतल्या डावखुरीला घ्या," ती म्हणाली. "पण तिला मागं सरकायला शिकवा. लई लवकर अंगावर जाती ती."

बालविवाहाची तक्रार करायचा नंबर शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलाय. मी तो फिरवला नाही. मांडवात पोलीस आले तर पुन्हा कुणी पोरीला मैदानावर पाठवणार नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि त्यात तथ्यही होतं. पण खरं कारण वेगळं. ही पोर दाखवली कुणी, असं चौकशीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, याला मी भ्यायलो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

बीडला आम्ही चार गोलने हरलो. टोळ्या गेल्या, परत आल्या. जूनमध्ये तिची आई शाळेत आली, बरोबर धाकटी, आठवीत चाललेली. थोरलीला दिवस गेलेत, बरं चाललंय, असं तिने सांगितलं. मग धाकटीला पुढे ढकलत म्हणाली, "हिला बी घ्या खेळात. थोरलीच्या जागी उभी करा, म्हंजी चार माणसांच्या नजरंत येती."

मी तिला घेतलं, आणि गोलकीपर केलं. पालकांसमोर प्रॅक्टिस घेणं मी बंद केलंय. धाकटीत थोरलीपेक्षा जास्त दम आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मी ते कुणाजवळ बोललो नाही. ती दोन पाइपांच्या मधे उभी राहून चुळबुळ करते, आणि रोज मला विचारते, "सर, मला पळू कावून देत न्हाई?"