गनीभाईचा फोमवरचा कर

अमडापुरात गाद्या भरणारा अब्दुल गनी पिंजारी स्वतःला अर्थमंत्र्याच्या तोडीचा समजत असे. फरक एवढाच, की त्याचं ऐकायला कुणी बांधील नव्हतं. जीएसटी आला त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं खाल्ली आणि फोमनं गनीची गिऱ्हाइकं.

"फोमवर दणकून कर लावा," तो चहाच्या टपरीवर सांगे. "कारखान्याले सवलत, अन् पिंजाऱ्याले काय? गावचा कापूस गावात खपला तर पैसा गावातच फिरंल. कापूस मातीत कुजते तरी. नाल्यातले फोमचे तुकडे पाहा, आपले नातू म्हातारे होतीन तरी तिथंच राह्यतीन."

फोमवर कर बसलाच. गनीनं तो स्वतःचा विजय धरला आणि बायकोला, सबीहाला, जिलेबी खाऊ घातली. गिऱ्हाईक मात्र फिरकलं नाही. त्यात पिंजून पिंजून पाठ गेली, तेव्हा डॉक्टरनं फोमवर झोपायला सांगितलं. गनी गुपचूप चिखलीला गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "बिल राहू द्या. करापुरते कमी करा." ऑटोतून परतताना त्याला आपलंच भाषण आठवलं. त्यानं बाहेर पाहायला सुरुवात केली. घरी आल्यावर फोमला पट्ट्यापट्ट्यांची खोळ शिवली, वर कापसाच्या गादीसारखे टाके घातले.

पुढच्या आठवड्यात सिंधूताई आल्या. लेकीच्या, महामायाच्या, लग्नाच्या गाद्या त्यांना भरून हव्या होत्या. हंगामातलं एवढंच काम. हे गेलं तर पिंजायचं यंत्र विकावं लागणार होतं. ताई त्याच खोळ घातलेल्या गादीवर टेकल्या.

"काय भरली हो ही, गनीभाई! मले अशीच पाह्यजे."

सबीहा आतून खोकली. हो म्हणून टाकावं, असं गनीला वाटलं. आत फोम, वर कापसाचा देखावा. नाहीतरी तो स्वतः तसाच भरलेला होता. मग त्यानं कात्री घेतली आणि शिवण उसवली. पिवळा फोम बाहेर डोकावला.

"आता गं माय! मंग टपरीवरचं थे भाषण?"

"थे बराबर होतं, ताई. बोलनारा खोटा निघाला."

"कर तरी भरला का?"

"न्हाई."

सिंधूताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मले कापसाच्याच द्या, चांगल्या ठासून." उंबऱ्यातून वळून म्हणाल्या, "अन् पक्कं बिल पाह्यजे बरं का!"

गनीनं मान डोलावली. ताई नजरेआड झाल्यावर तो सबीहाला हळूच म्हणाला, "बिलबुक कुठं भेटते गं?"