चार नंबरची नळी

मीनाक्षीबाईंवर मी एकदा ओरडले, त्याची लाज मला अजून वाटते. तेव्हा आधी त्या कोण ते सांगते.

कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात जंतुशास्त्राच्या लॅबमध्ये त्या एकतीस वर्षं अटेंडर. मेलकावेरीहून बसनं यायच्या आणि नऊच्या ठोक्याला कुलूप उघडायच्या. बाहेर सगळं तमिळ, पण दार लोटलं की माझ्याशी आमची दोघींची घरची मराठी, पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या पणजोबांच्या वळणाची. मी त्यांना अक्का म्हणायचे. एकतीस वर्षांत बाईंनी एकही काचेची नळी फोडली नाही. मी पहिल्याच महिन्यात अकरा फोडल्या. कसली घाई आहे गं तुझ्या हाताला, असं म्हणत दर वेळी काचा त्यांनीच गोळा केल्या.

माझ्या पीएच.डी.चा प्रयोग साधा होता. सहा नळ्या, एकाच जातीचे जंतू. एक ते तीन नंबरमध्ये मूळचे. चार ते सहामधल्या जंतूंत मी परका जीन घातलेला, औषधाला दाद न देणारा. औषध समोर असलं की हा जीन जंतूला वाचवतो. औषध नसलं की तो नुसता ओझं, आणि ओझ्याचे जंतू हळू वाढतात. औषध बंदच ठेवलं तर ते हे ओझं कधी टाकून देतात का, एवढंच मला बघायचं होतं. इस्पितळांत औषधं लागू पडेनाशी झालीत, म्हणून या प्रश्नाला वजन. काम म्हणाल तर रोज सकाळी प्रत्येक नळीतला एक थेंब तिच्याच नंबरच्या ताज्या नळीत घालायचा. अक्कांना मी ऐटीत सांगितलं, यात काही नाही, रोज विरजण लावता ना, तसंच हे.

माझे वर्ग असायचे, म्हणून थेंब अक्काच घालायच्या. दोनशे दिवस, रविवार आणि पोंगलसुद्धा धरून.

एकशे विसाव्या दिवसाच्या आसपास चार नंबरनं कमाल केली. कालपरवापर्यंत मरगळलेली नळी एकदम दाट, गढूळ. औषध घातलेल्या प्लेटवर तिचा थेंब पसरला तर एकही ठिपका उगवेना. म्हणजे परका जीन गेला! पाच आणि सहा रडतच होत्या, पण चारनं ओझं टाकलं होतं. माझे मार्गदर्शक विजयराघव सर सहसा हसत नाहीत, तेही हसले. प्रबंधाचं मुख्य प्रकरण मी त्या एका नळीवर उभं केलं. दोनशेव्या दिवशी मैसूरपाक नेला आणि अक्कांना चार नंबरची थोरवी नीट समजावून सांगितली. त्यांनी तुकडा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसेनात.

"कीर्ति, चारात मी एकातलं घातलं," त्या म्हणाल्या. "एकदाच. फार पातळ झालं होतं गं. धरतच नव्हतं."

आधी मला कळेना. कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. घरचं दही धरेनासं झालं की आपण शेजारणीकडून चमचाभर चांगलं विरजण आणतो. अक्कांनी तेच केलं होतं. एक नंबरच्या धडधाकट जंतूंचा थेंब त्यांनी चारमध्ये सोडला, आणि दोन आठवड्यांत त्या जंतूंनी माझ्या ओझेवाल्यांना मागे टाकून नळी भरून काढली. कुणी काही टाकून दिलं नव्हतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आईच्या वयाच्या बाईला मी म्हणाले, "ही लॅब आहे, तुमचं स्वयंपाकघर नाही." त्यांनी सांगितलं नसतं तर हे कुणाला कळलं नसतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. विरजणाचा दाखला माझाच होता, ते तर त्याहून उशिरा.

सरांनी प्रकरण काढायला लावलं. फ्रीजरमध्ये चारचा शंभराव्या दिवसाचा, भेसळीआधीचा नमुना होता, अक्कांनीच चिठ्ठी लावून ठेवलेला. तिथून पुन्हा सुरुवात केली. प्रबंध द्यायला पाच महिने उरलेले. अक्कांनी स्वतः अर्ज करून वनस्पतिशास्त्राच्या वाळवलेल्या पानांच्या खोलीत बदली मागून घेतली.

आता थेंब मी घालते. नव्वद दिवस झाले, चारमधला जीन काही जात नाही. काल सकाळी नळी उजेडाला धरली तर पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली. थेंब उचलायचं पिपेट माझ्या हातात होतं, खोलीत कुणी नव्हतं, आणि माझा हात एक नंबरकडे गेला. कीव वगैरे काही नाही हं. मला प्रबंध हवा होता. नळीच्या तोंडाशी हात थांबला. पिपेट खाली ठेवलं.

तशीच पानांच्या खोलीत गेले. अक्का कागदावर एक पान चिकटवत होत्या. मी चुकले म्हटलं, परत या म्हटलं. त्यांनी पानाच्या कडा अंगठ्यानं दाबून घेतल्या.

"नको गं. इथे कुणाला भूक लागत नाही."

मी निघाले. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी मान न उचलता विचारलं, "चार कसं आहे?"

"पातळच," मी म्हटलं.