मावशींचा गोल शिक्का

गेल्या चाळीस वर्षांत त्या शहरानं पाच सरकारं पाहिली. दोन मतांनी आली, दोन रणगाड्यांवर बसून आली, आणि एक तर लोक दात घासत असताना सकाळच्या बातम्यांतूनच आलं. येण्याच्या तऱ्हा निराळ्या, पण एका बाबतीत पाचही एका माळेचे मणी निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस शिक्केवाल्या मावशींच्या दुकानात हजर! खुर्ची काय, कुणीही बळकावतो. हुकूम हलवायला मात्र शिक्का लागतो, आणि जुन्या शिक्क्यावर जुन्यांचं नाव असतं.

मावशींचं दुकान बाजारगल्लीत, एकेचाळीस दुकानांतलं सतरावं. आत दोन माणसं आली तर तिसऱ्यानं बाहेरच थांबावं, एवढंच. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे काका, दुसऱ्या बाजूला बटणं आणि अस्तराची कापडं विकणाऱ्या वहिनी. मावशी चौसष्ट वर्षांच्या, अंगानं काटकुळ्या, उजवा अंगठा शाईनं कायमचा जांभळा. तोंड फटकळ. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायच्या, "रबर आहे ते, नवरदेव नाही, थंड व्हायला वेळ लागतो."

हे काम त्या सासऱ्यांकडून शिकल्या. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, उलटं जुळवायचं, चौकटीत आवळायचं, त्याचा साचा काढायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवून तापल्या यंत्रात दाबायचं, मग कात्रीनं कापून लाकडी मुठीला चिकटवायचं. आयुष्यभर अक्षरं उलटी पाहिल्यामुळे मावशींना आरशातल्यासारखं उलटं वाचायची सवयच जडली होती. दाराकडे पाठ करून बसलेल्या गिऱ्हाइकानं पातळ कागद समोर धरला, की उजेडानं पलीकडून दिसणारा मजकूर त्या इकडून घडाघडा वाचायच्या. गल्लीतल्या निम्म्या प्रेमपत्रांची बातमी त्यांना अशीच कळलेली होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही, हे त्यांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

सीमेवर पाचव्या वर्षी लढाई चालूच होती. पिठाला कूपन, तेलाला परवाना, पुलापलीकडे जायला पास. जिथं तिथं सरकार आणि जिथं सरकार तिथं शिक्का. काका चिडवायचे, "मावशी, लढाई थांबली तर तुमचं कसं व्हायचं?" मावशी म्हणायच्या, "शाळेच्या दाखल्यांचे करीन. तुम्ही तुमच्या काट्यांचं बघा."

पण सरकार म्हणजे राक्षस, असं म्हणणाऱ्यांशी त्या भांडायच्या. दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्यांनी पीठ दडवलं होतं, बाजारात दाणा मिळेना. तेव्हा सरकारनं भाव बांधून कूपनं काढली, आणि कूपनांचे साठ शिक्के मावशींनी दोन दिवसांत करून दिले. तिसऱ्या दिवशी गल्लीत भाकरी भाजल्याचा वास आला. "सरकार हवंच," त्या म्हणायच्या, "पण ते आपल्या बाजूला उभं राहावं. छातीवर नव्हे."

छातीवर उभं राहिलेलं सरकारही त्यांनी पाहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, रणगाड्यांवरच्या दुसऱ्या सरकारनं सहा शिक्के करायला टाकले होते. मजकूर एकच शब्द, 'बेपत्ता'. मावशींनी विचारलं नाही. लेक लहान, सासरे अंथरुणावर, काम आलं ते केलं. नवरा बस चालवायचा. पुढच्याच महिन्यात एका नाक्यावर त्याला बसमधून उतरवून घेतलं. मावशींनी आठ महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा एक कागद हातात पडला. वर नवऱ्याचं नाव, खाली शिक्का, आणि शिक्क्यातल्या 'ब'च्या पोटाला एक बारीकशी खाच. त्यांच्या खणातल्या खिळ्याला होती तीच. नवऱ्याला नाहीसं करणारा शब्द त्यांनी स्वतःच्या बोटांनी जुळवला होता. त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही. तो सरकारवर होता, तेवढाच स्वतःवरही होता, की विचारलं का नाही मी?

त्यामुळे मंगळवारी जागा खात्याचे तरुण साहेब आले, तेव्हा मावशींनी विचारलं.

साहेब बोलायला गोड. स्टुलावर बसून त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "पाच नग. गोल. गुरुवारपर्यंत हवेत."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'स्वखुशीने ताबा दिला'.

"कसला ताबा?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही शिक्के करता की चौकशी?" साहेब हसले. मग शिक्क्याचं माप बघायला त्यांनी बॅगेतून एक पातळसर फॉर्म काढला आणि समोर धरला. त्यांची पाठ दाराकडे, दारातून सकाळचं ऊन. मावशींनी चष्मा वर सरकवला. बाजारगल्ली, दुकान क्रमांक एक ते एकेचाळीस. खाली दुकानदाराची सही, आणि सहीशेजारी एक रिकामा चौकोन, 'शिक्क्याची जागा'.

"आमची गल्ली घेताय?"

साहेबांनी फॉर्म झटकन खाली केला. पण बाण सुटला होता. "सैन्याचं गोदाम व्हायचंय," ते म्हणाले, "देशाचं काम आहे, मावशी."

"मग देशाच्या नावानं घ्या ना! हुकूम काढा, खाली तुमची सही करा, भरपाईचं बोला. आम्ही भांडू नाहीतर सामान बांधू. पण घेणार तुम्ही आणि खुशी आमची? ही कुठली रीत?"

"हुकूम काढला की हरकती येतात. एकदा हरकत नोंदली गेली की सुनावणी घ्यावी लागते, त्यात सहा महिने जातात. तेवढा वेळ नाही आमच्याकडे."

"आणि जो दुकान देणार नाही म्हणेल, तो?"

"सगळे सही करतील. वर शिक्का बसल्यावर नाही कोण म्हणणार?"

मावशींनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि साहेबांच्या हातात परत दिली. "हा शिक्का माझ्या हातून होणार नाही."

"दुसरीकडे करून घेऊ."

"घ्या."

"तुमचा परवाना आमच्याच खात्याकडून येतो, एवढं ध्यानात असू द्या," साहेब उठता उठता म्हणाले. आवाज अजूनही गोडच होता. मावशींना राग आला तो त्या गोडव्याचा. सोमवारी फॉर्म वाटू, म्हणून ते निघून गेले.

मावशींची लेक दुपारी डबा घेऊन आली. ती गिरणीत पाळीवर काम करायची आणि आईच्या वरताण फटकळ होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अख्ख्या गल्लीचा मक्ता तू घेतलायस का? दुकान जाणारच आहे, आता परवानाही घालव!"

"मग करून देऊ तो शिक्का?"

लेकीनं डबा उघडून आईपुढे सरकवला. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तो कागद तिनंही पाहिला होता. ती चिडूनच म्हणाली, "नाही म्हणालीस ते बरं केलंस. पण तोंडानं म्हणालीस. तोंडचं 'नाही' वाऱ्यावर जातं, आई. त्यांच्याकडे ते कुठं उमटलं?"

मावशी जेवता जेवता थांबल्या. मग हात धुतले, आणि खिळ्यांचा खण ओढला.

चार दिवस यंत्र थंड झालं नाही. गल्लीभर रबर तापल्याचा वास पसरला. बुधवारी मावशींनी काका आणि वहिनींना बोलावून सगळं सांगितलं, आणि गुरुवारपर्यंत एकेचाळीस दुकानांना ते माहीत झालं. वहिनी घाबरल्या. "हा गुन्हा तर नाही ना होत?"

"सरकारचं नाव घातलं, राजमुद्रा घातली, तर गुन्हा," मावशी म्हणाल्या. हा कायदा त्यांना पाठ होता, त्यावर त्यांचं पोट होतं. "स्वतःच्या नावाचा शिक्का कुणीही ठेवावा. आकार गोल असला तर कुणाच्या बापाचं जात नाही. गोल काय एकट्या सरकारनं शोधून काढलाय?"

प्रत्येक दुकानाला एकेक शिक्का झाला. कडेनं दुकानाचा क्रमांक, मधोमध तीन शब्द, 'जागा सोडणार नाही'. माप बरोबर त्या फॉर्ममधल्या चौकोनाएवढं. रविवारी मावशी स्वतः दुकानोदुकानी गेल्या. तिघांनी शिक्का घेतला नाही. एकाचा मुलगा सरकारी नोकरीत, दुसऱ्याला दुकान विकायचंच होतं, तिसऱ्यानं कारण सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलंही नाही. उरलेल्यांनी शिक्का हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिक्के मारून घेतलेली माणसं ती. चप्पल शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं तर आपला शिक्का लगेच तळहातावर उमटवून पाहिला आणि लहान पोरासारखा हसला.

सोमवारी शिपाई फॉर्म वाटून गेला. भरून, सही करून दुपारी कचेरीत आणून द्या, वर साहेब शिक्का मारतील, असा निरोप. दुपारी दोनला शिक्का घेतलेल्या सगळ्यांनी फॉर्मच्या चौकोनात आपापला शिक्का मारला, कुलपं लावली, आणि कचेरीत वर साहेबांकडे न जाता सरळ खालच्या खिडकीपुढे रांग धरली.

तिथल्या आवक खिडकीवर सव्वीस वर्षं एकच कारकून बसत होते. त्यांना सगळे टपटप म्हणत, कारण त्यांच्या हाताचा तेवढाच आवाज ऐकू यायचा. त्यांचा एक नियम शहराला ठाऊक होता. कागदावर गोल शिक्का नसेल तर कागद परत. विधवा रडो, म्हातारा घेरी येऊन पडो, गोल शिक्का नाही म्हणजे नाही. आणि शिक्का असेल तर मजकुराकडे बघायचं कामच नाही. शिक्क्यातले शब्द वहीतल्या 'विषय' या रकान्यात उतरवायचे, क्रमांक घालायचा, पोच फाडून द्यायची.

पहिला कागद काकांचा. टपटपांनी गोल शिक्का पाहिला. विषय, जागा सोडणार नाही. टप. पोच. पुढचा! वहिनी. टप. चप्पलवाले म्हातारे. टप. रांग सरकत होती. मावशी खांबाला टेकून मोजत होत्या, आणि मोजणी दोनदा चुकली. विसाव्या कागदाला टपटपांचा हात थांबला. त्यांनी वहीचं पान वरून खालपर्यंत पाहिलं. मग मान वर करून रांगेकडे पाहिलं, आणि रांगेच्या कडेला उभ्या मावशींच्या जांभळ्या अंगठ्याकडेही. टेबलाखालचा त्यांचा स्वतःचा खण मावशींनीच केलेल्या शिक्क्यांनी भरलेला होता. मावशींना वाटलं, संपलं सगळं.

"पुढचा," टपटप म्हणाले.

शेवटची मावशींची धरून अडतीस नोंदी झाल्या, तेव्हा साहेब जिना उतरून आले. हातात पाच कोरे करकरीत शिक्के, दुसऱ्या गावाहून करून आणलेले. त्यांनी फॉर्म पाहिले. चौकोन भरलेला. त्यांनी वही पाहिली आणि कानशिलं लाल झाली.

"हे काय नोंदवलंत?"

"गोल शिक्का होता, साहेब," टपटप म्हणाले.

"हे पान फाडा!"

"पानांना छापील क्रमांक आहेत, साहेब. एक पान कमी भरलं तर वरून चौकशी माझी नाही, तुमची लागते." सव्वीस वर्षांत टपटप एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

साहेब मावशींकडे वळले. गोडवा आता कुठल्या कुठे गेला होता. "सांगा ह्यांना कागद मागे घ्यायला. गैरसमजानं शिक्का मारला, असं एकेकानं लिहून द्यावं. मी विसरून जाईन."

"गैरसमज कसला?" मावशी म्हणाल्या. "तीन शब्द आहेत. आमच्यातल्या ज्याला वाचता येत नाही, त्यालाही पाठ आहेत. तुम्हाला आमचं म्हणणं हवं होतं ना कागदावर? घ्या! हरकत नोंदली गेली. आता सुनावणी लावा, समोर बसा, आणि आमच्या तोंडावर सांगा, आमची गल्ली का हवी ते. पटलं तर बघू."

"लढाई चालू आहे, कळतं का तुम्हाला?"

"लढाईनं माझा नवरा नेला नाही. तुमच्यासारख्याच एका साहेबानं नेला, असाच एक शिक्का मारून. तेव्हा मी गप्प बसले होते."

साहेबांनी परवान्यांची फाईल मागवली. सगळ्यांदेखत मावशींचा परवाना बाहेर काढला आणि खणातला शिक्का उचलून त्यावर इतक्या जोरात हाणला की शाईची डबी उलटली. 'परवाना रद्द'. तो शिक्काही मावशींच्याच हातचा होता.

मावशींनी कागद उजेडात धरून पाहिला. "कड झिजलीय ह्याची," त्या म्हणाल्या. "उमटलं नीट नाही."

मग तो घेऊन त्या बाहेर आल्या. बाहेर व्हरांड्यात लेक उभी होती, गिरणीची पाळी सोडून आलेली. तिनं परवाना घेतला, वाचला आणि आईच्या पिशवीत कोंबला. आतून टपटपांनी ओरडून सांगितलं, की सुनावणीची तारीख पोचेवरच्या क्रमांकानं कळवण्यात येईल, पोच हरवू नका. अडतीस माणसांनी अडतीस पोचा खिशांत, पदरांत, टोपीच्या आत जपून ठेवल्या.

फाटकाशी अनोळखी माणसांचा एक घोळका थांबला होता. पुढच्या बाईच्या हातात तसलाच पातळ फॉर्म होता. गिरणीमागच्या वस्तीतून आलो, ती म्हणाली, घरं द्यायचीत म्हणे, स्वखुशीनं. बाजारगल्लीची बातमी आत्ताच कळली. तिनं मावशींचा अंगठा पाहिला आणि अडखळली. "मावशी, आम्हालाही एक शिक्का... पण तुमचा परवाना तर आत्ताच..."

"किती घरं आहेत?" मावशी म्हणाल्या.

"एकशे बारा."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि पदर खोचला.

"मजकूर ठरवा," मावशी त्या बाईला म्हणाल्या, "आणि उद्या सकाळी नऊला या. दुकान उघडं असेल."